घर बांधण्याआधी झाड काढताय? मग आधी जमिनीखालचं झाड बघा

पुण्याच्या मांजरी भागात एका बंगल्यात मला फरशी बघायला बोलावलं होतं. घर बांधून जेमतेम चार वर्षं झालेली. स्वयंपाकघराचं दार उघडताना खालून घासत होतं. सुतार दोनदा येऊन दार तासून गेला होता, तरी फरशीवर अर्धगोल ओरखडा उठलेलाच. मी पाणसळ ठेवली, तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. भिंतीकडेची फरशी जागच्या जागी होती, मधली मात्र बोटभर वर आलेली. कॉलम, बीम, भिंती ठणठणीत. कुठे तडा नाही.

“काकू, इथे आधी काय होतं?” मी विचारलं.

“काही नाही हो, मोकळाच प्लॉट होता. एक मोठा रेन ट्री होता, तो काढला.”

“कधी काढला?”

“मे महिन्यात. लगेच पाया घेतला. पावसाच्या आत जोत्यापर्यंत काम यायला हवं होतं ना.”

तो रेन ट्री नेमका आत्ताच्या स्वयंपाकघराच्या जागी होता. झाड जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्याखालची माती अजून फुगत होती.

मी पुण्यात लहान घरांच्या पायाची कामं बघतो. प्लॉटवर मोठं झाड असलं की मालक दोन गोष्टी विचारतात : परवानगी कशी मिळेल आणि खर्च किती येईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण झाड गेल्यावर खालच्या मातीचं काय होईल, हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काळी माती पाणी पिते तेव्हा

पुण्याच्या जमिनीखाली बेसाल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. त्याच्यावर मुरूम आणि मुरुमावर माती. टेकड्यांच्या पायथ्याशी दोन-तीन फूट खणलं की बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो. नदीकाठच्या आणि सखल भागात काळी माती बरीच खोल जाते. एकाच गल्लीत दोन प्लॉटमध्ये फरक पडलेला मी पाहिला आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या पायावरून स्वतःचा अंदाज बांधू नका. खड्डा घेऊनच बघा.

उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच मिटतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाणी आलं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून लांब सरकतात आणि माती फुगते. पाणी गेलं की ती आक्रसते. मुरूम असं काही करत नाही.

आता या मातीत एक मोठं झाड उभं करा. भर उन्हाळ्यात मोठा वृक्ष दिवसाला काहीशे लिटर पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतो. गवताची मुळं वरची वीतभर माती सुकवतात, झाड त्याच्या कितीतरी खालची माती सुकवतं आणि वर्षानुवर्षं सुकी ठेवतं. पावसाळ्यात थोडं पाणी मुरतं, झाड ते पुन्हा ओढून घेतं. तीस-चाळीस वर्षं असं चाललं की झाडाखालची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा कायमची कोरडी आणि आक्रसलेली राहते. वरून बघून ते कळत नाही.

झाड तोडलं की पाणी ओढणारं कुणी उरत नाही. पुण्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं मुरणारं पाणी, नळाच्या गळतीचं, बागेला घातलेलं, सगळं त्या कोरड्या मातीत हळूहळू शिरतं. काळ्या मातीतून पाणी फार संथ झिरपतं, म्हणून हे फुगणं एका पावसाळ्यात आटोपत नाही. ते अनेक वर्षं चालू राहू शकतं. मांजरीच्या घरात तेच झालं होतं. कॉलमचे फुटिंग, म्हणजे कॉलमखालच्या रुंद बैठका, नऊ फुटांवर मुरुमात टेकलेले होते, त्यामुळे सांगाडा हलला नाही. फरशी मात्र काळ्या मातीवर थोडा भराव करून टाकली होती. माती फुगली, वर सरकायला तिला फरशीचाच रस्ता मोकळा होता.

याची उलट बाजूही आहे. झाड ठेवलं आणि काळ्या मातीतच उथळ पाया घेऊन त्याला खेटून भिंत बांधली, तर झाड भिंतीखालची माती सुकवत राहतं. माती आक्रसते आणि तो कोपरा खाली बसतो. कंपाउंडच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून जाते तशी तिरपी चीर पडलेली दिसली, की भिंतीपलीकडे झाड आहे का ते मी आधी बघतो.

दोन्ही बाजूंनी उपाय एकच : घराचा भार काळ्या मातीवर टाकायचाच नाही. फुटिंग मुरुमापर्यंत न्या. काळी माती फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले खांब, घेतात. ही पद्धत रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केली आहे. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईच्या, खाली थोडी पोकळी ठेवा, म्हणजे माती वर आली तरी बीमला ढकलणार नाही. आणि फरशीखालची काळी माती काढून तिथे न फुगणारा भराव करा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अशा न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर देण्याचं तंत्र मांडलं. कालव्यांपासून इमारतींपर्यंत ते वापरात आलं. लहान घराला एवढा जाड थर परवडेलच असं नाही, पण झाडाच्या जागी तरी त्यात काटकसर करू नये.

तुमची माती किती फुगते ते तपासायची चाचणी अगदी साधी आहे आणि कुठल्याही माती परीक्षण प्रयोगशाळेत होते. वाळवलेल्या, चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेतात. एक पाण्याच्या नळीत टाकतात, दुसरा रॉकेलच्या. चोवीस तासांनी बघतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या की कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. मी मालकांना आवर्जून त्या नळ्या बघायला बोलावतो. हा नमुना झाडाखालून वेगळा आणि प्लॉटच्या मोकळ्या कोपऱ्यातून वेगळा घ्या. दोन्हीकडे मातीत ओल किती आहे तेही मोजून घ्या, कारण फरक तिथेच पडलेला असतो.

मुळं कुठे असतात

वर जेवढं झाड तेवढंच खाली सरळ गेलेलं सोटमूळ, हे चित्र शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलं आहे. मोठ्या झाडाचं तसं नसतं. मुळांनाही श्वासाला हवा लागते आणि ती वरच्या थरात असते. म्हणून बहुतेक मुळं वरच्या मीटरभरातच असतात, पण आडवी लांबवर पसरतात. झाडाच्या घेऱ्याच्या बाहेर कितीतरी. पुण्यात खाली मुरूम लागला की ती आणखीच आडवी धावतात. गुलमोहर वळवाच्या पावसात ताटलीसारख्या मुळांसकट आडवा होतो तो यामुळेच. वड, पिंपळ, उंबराची मुळं तर भिंतीची फट, ड्रेनेजची सांध जिथे सापडेल तिथे शिरतात.

झाड ठेवून घर बांधणार असाल तर एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा आणि त्याच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ झाडाभोवती आखा. खोड अर्धा मीटर जाड असेल तर सहा मीटर. या वर्तुळात खोदाई नको, ट्रक नको, वाळू-खडीचा ढीग नको, सिमेंट कालवणं तर अजिबात नको. सिमेंटच्या पाण्याने माती अल्कली होते आणि ढिगांच्या वजनाने ती दाबली जाऊन मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात आणि तेव्हा लोक म्हणतात, किडीने खाल्लं. काम सुरू व्हायच्या दिवशीच त्या वर्तुळावर पत्रे ठोकून घ्या. नुसत्या दोरीला कुणी जुमानत नाही.

परवानगी

पुण्यासारख्या शहरात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असो की बंगल्याच्या परसात, स्वतः लावलेलं असो की आपोआप उगवलेलं, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. फांद्या वाट्टेल तशा छाटून किंवा बुंध्याची साल काढून झाड मारणं हेसुद्धा तोडण्यातच धरलं जातं. मुळात ॲसिड ओतून झाड वाळवायचं आणि मग ‘वाळलेलंच होतं’ म्हणायचं, असले सल्ले देणारे भेटतात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय ते ॲसिड तुमच्या पायाच्या मातीत राहतं.

अर्ज उद्यान विभागाकडे करायचा. सोबत मालकीची कागदपत्रं, झाडांच्या जागा दाखवलेला नकाशा, फोटो आणि काढण्याचं कारण. वृक्ष अधिकारी जागेवर येऊन पाहणी करतात, झाडावर नोटीस लावली जाते आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते. कुणाला हरकत घ्यायची असेल तर ठरलेल्या मुदतीत घेता येते. शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर चिडू नका. त्यांच्या खिडकीतली सावलीही जाणार असते. नोटीस लागायच्या आधी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं तर बरेच प्रश्न चहावरच सुटतात.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आता पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं. आणि एक झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय, तेवढी झाडं लावायची. चाळीस वर्षांचा आंबा असेल तर चाळीस रोपं. तीही सहा ते आठ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली (म्हणजे नकाशावर जागा नोंदवलेली), आणि सात वर्षं जगवायची. हजार-बाराशे चौरस फुटांच्या प्लॉटवर चाळीस झाडं कुठून लावणार? मग जागा शोधणं किंवा भरपाईची रक्कम भरणं आलं. बजेट करताना हा आकडा आधीच धरायला हवा, नाहीतर जोत्याच्या पैशाला हात घालावा लागतो.

म्हणून झाडाचं वय ठरवणं नाजूक असतं. थंड देशांत खोड कापल्यावर वलयं मोजतात. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत ती स्पष्ट उमटत नाहीत. सागात चांगली दिसतात, आंब्यात वलयांवर भरवसा ठेवता येत नाही. मग घेर, जात आणि माहितगारांची आठवण यावर अंदाज बांधतात. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. टेप आडवी आणि खोडाला घट्ट धरायची, फुगवटा किंवा गाठ आली तर तिच्या जरा वर किंवा खाली. रेन ट्री फार भराभर वाढतो, त्यामुळे त्याचा घेर बघून वय जास्त वाटतं. जुने फोटो, बंगला बांधला त्या वर्षीची कागदपत्रं असतील तर पाहणीच्या वेळी हाताशी ठेवा.

चंदन किंवा साग असेल तर लाकूड हलवायला वनखात्याचा परवानाही लागतो, त्याची चौकशी वेगळी करा. बाकी या सगळ्याला दोन-तीन महिने धरूनच चला.

प्रत्यक्ष तोड

मोकळ्या रानात झाड एका बाजूला पाडतात. पडायच्या दिशेला खोडात पाव ते तृतीयांश खोल खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं आणि मधे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवायची. ती पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाड तिच्यावर वळत खाली येतं. ती पट्टी चुकून कापली गेली की झाड कुठे जाईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

एरंडवण्यात किंवा सहकारनगरच्या गल्लीत पाडायला जागाच नसते. तिथे झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवतात. एक माणूस दोर आणि पट्टा लावून वर जातो, फांदीला दोर बांधतो, कटरने कापतो आणि खालचे दोघे दोर सोडत फांदी उतरवतात. ओल्या लाकडाचं वजन लोकांना खरंच वाटत नाही. दोन फूट जाडीचा, एक मीटर लांबीचा ओंडका अडीचशे किलोच्या आसपास भरतो. तो दहा फुटांवरून सुटला तर शेजारच्या गाडीचं, ड्रेनेजच्या चेंबरचं काय होईल याचा विचार करा. खाली कोण उभं आहे याचा तर सगळ्यात आधी करा. त्यामुळे कमी दर सांगणाऱ्याला काम देऊ नका. दोर, हेल्मेट, पट्टे कुठले आहेत ते बघायला मागा आणि कामगारांचा विमा आहे का ते विचारा. हे विचारल्यावर जो चिडतो त्याला नमस्कार करून परत पाठवा.

जवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून त्या दिवशी लाइन बंद करून घ्यावी लागते. ‘फांदी तारेपासून लांब आहे’ हे जमिनीवरून वाटतं. कापताना ती झुलते.

लाकूड कुणाचं, हे आधी कागदावर घ्या. बहुतेक तोडणारे लाकूड धरूनच दर सांगतात.

आणि घरटी. कावळे उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर घरटी करतात, म्हणजे बांधकामवाल्यांना घाई असते नेमक्या त्याच दिवसांत. तोडीच्या आदल्या आठवड्यात सकाळी अर्धा तास झाडाखाली उभं राहा. पक्षी काड्या घेऊन जातात की चोचीत चारा घेऊन, ते बघा. चारा घेऊन जात असतील तर पिल्लं आहेत. ती उडायला दोन-चार आठवडे लागतात आणि तेवढं काम पुढे ढकलता येतं. ढोलीही वाकून बघा, पिंगळे असतात.

खड्डा

झाड गेलं, बुंधा उरला, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बुंधा जमिनीलगत कापून वर भराव टाकणं सोपं वाटतं. पण लाकूड कुजतं, आक्रसतं, खाली पोकळी होते आणि वरची फरशी खचते. कुजतं लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण, आणि वाळवी तिथून चौकटींपर्यंत येते. म्हणून घराच्या आत येणारा बुंधा मुळासकट निघाला पाहिजे. घराबाहेर, मार्जिनमध्ये म्हणजे इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत असेल तर राहू द्यायलाही हरकत नाही.

जेसीबीने बुंधा उपटताना शेजाऱ्याची कंपाउंड वॉल बघा. मुळं तिच्या पायाखालून गेलेली असतात आणि ओढ बसली की भिंत सोबत येते. त्या बाजूची मुळं आधी करवतीने कापून घ्या.

मग उरतो तो दीड-दोन मीटरचा खड्डा. काढलेली तीच काळी माती, पालापाचोळा आणि राडारोडा त्यात ढकलून वरून जेसीबीचा बकेट आपटला की झालं, असं सर्रास चालतं. तसं करू देऊ नका. खड्ड्यातली मुळं वेचून काढा. वीतभर जाडीचा मुरुमाचा थर टाका, पाणी शिंपडा, धुम्मसने किंवा यंत्राने ठोका, मग पुढचा थर. एका थराला मजुरांचा तासभर जातो आणि ते कंटाळतात, म्हणून त्या दिवशी स्वतः साइटवर थांबा. टाचेने जोरात दाबलं आणि खूण उठली नाही, तर थर बसला. सगळं भरून झाल्यावर फरशीच्या आधी वाळवी प्रतिबंधक फवारणी करून घ्या. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे आणि ठेकेदाराला तेवढा आकडा सांगितला तरी पुरतो.

आणि जमेल तेवढा वेळ द्या. झाड काढून एक पूर्ण पावसाळा जाऊ दिला तर वरच्या मातीचं बरंचसं फुगणं घराआधीच होऊन जातं. सगळं होत नाही, म्हणून मुरुमापर्यंतचा पाया आणि फरशीखालचा भराव लागतोच. मांजरीच्या घराला तोच एक पावसाळा मिळाला असता तर फरशी इतकी उठली नसती, असं मला वाटतं.

हे सगळं वाचून झाड काढणं किचकट वाटलं असेल, तर ते आहेच. झाडाचा विषय नकाशा काढायच्या आधी घ्यावा असं मी सांगतो, ते त्यासाठीच. एरवी नकाशा तयार होतो आणि मग ‘झाडाचं काय ते नंतर बघू’ म्हणतात. खरं तर पुष्कळ झाडं इमारतीच्या जागेत नसतात, मार्जिनमध्ये असतात. ती फक्त पाण्याच्या टाकीच्या, रॅम्पच्या किंवा जिन्याच्या आड येतात.

सहकारनगरात एक आजी होत्या, त्यांच्या जुन्या बंगल्यामागे फणस होता. मुलाला तिथे जमिनीखालची टाकी हवी होती. मी टेप लावली तेव्हा व्यास चाळीस सेंटिमीटर निघाला. मागच्या बाजूचं वर्तुळ चुन्याने आखलं आणि टाकीची जागा त्याच्या बरोबर मधे आली. मग आम्ही दोघं चुन्याच्या बाहेर उभे राहून जागा शोधत राहिलो. पुढे, फाटकाच्या डाव्या हाताला, गाडीच्या खाली टाकी बसत होती. पाइप पंधरा फुटांनी लांबला आणि आर्किटेक्टच्या दोन संध्याकाळी गेल्या. आजी गॅलरीतून विचारत होत्या, “काय रे, राहतोय का तो?” मुलाने वर बघून मान हलवली.